औषधाचा साठा आणि अदिन्नादानाचे शील

पंचशीलातील दुसरे शील आपण प्रत्येक वंदनेच्या वेळी ग्रहण करतो. न दिलेली वस्तू घेण्यापासून अलिप्त राहण्याचे हे शील. खिसा कापणारा, कुलूप फोडणारा, मापात मारणारा हे शील मोडतो, याविषयी कोणाच्याही मनात शंका नाही. परंतु वाचकहो, औषधाचा तुटवडा पडलेला असताना जो मनुष्य रोख पैसे मोजून सहा महिन्यांच्या गोळ्या घरात भरून ठेवतो, तो हे शील पाळतो की मोडतो?

प्रश्न काल्पनिक नाही. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली तेव्हा ज्यांच्या हाती पैसा होता त्यांनी महिनोमहिन्यांची औषधे उचलली. ज्यांची मजुरी बुडाली त्यांना पुढच्या दहा गोळ्यांचीही भ्रांत पडली. सरकारी दवाखान्यांतील टंचाई तर टाळेबंदीची वाट पाहत नाही. महाराष्ट्रात सरकारी औषधखरेदी २०१७ साली हाफकिन महामंडळाकडे सोपवली गेली आणि २०२३ साली कायदा करून त्यासाठी वेगळे प्राधिकरण स्थापावे लागले. व्यवस्था अशी बदलत असता ‘शिल्लक नाही, बाहेरून घ्या’ हे उत्तर मात्र गरिबाच्या कानांना परिचयाचे झाले आहे.

मी मुद्दाम कोलेस्टेरॉलच्या गोळीचे उदाहरण घेतो. अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाने १९७३ साली एका बुरशीतून या वर्गाचे पहिले द्रव्य शोधले. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याची क्रिया ही औषधे रोखतात. त्यांपैकी अटॉरवास्टॅटिन आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. परंतु या गोळीचा गुण डोळ्यांना दिसत नाही आणि ती चुकल्याचे दुःखही लगेच कळत नाही. ताप असलेला मनुष्य कण्हतो. रक्तवाहिन्यांत चरबी साचत असलेला मनुष्य बिगारीवर जातो, हसतो, बोलतो. गोळी बंद पडल्यावर काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल पूर्वीच्या पातळीवर जाते, तरी त्याला काही जाणवत नाही. म्हणून या औषधाची टंचाई मुकी असते. मुक्या टंचाईतच माणसाच्या नीतीची खरी परीक्षा होते, कारण तेथे आपल्यामुळे वंचित झालेला मनुष्य आपल्या दारात येऊन रडत नाही.

आता विनयाकडे वळू. राजगृहात पिलिंदवच्छ या स्थविरांना लोकांनी तूप, लोणी, तेल, मध, गूळ ही औषधे विपुल दिली. त्यांच्या परिवारातील भिक्खूंनी ती घागरींत आणि पिशव्यांत भरून ठेवली, खिडक्यांना टांगली. ती पाझरू लागली, विहारात उंदीर माजले आणि लोक म्हणू लागले की, या श्रमणांनी तर बिंबिसार राजासारखी कोठारे मांडली आहेत. तेव्हा तथागतांनी नियम केला की, ही औषधे जास्तीत जास्त सात दिवस जवळ ठेवावीत. लक्षात घ्या, ही औषधे चोरलेली नव्हती; श्रद्धेने दिलेली होती. तरीही साठ्यास मर्यादा घातली गेली. वस्तू कशी मिळाली एवढेच धम्म पाहत नाही. ती किती ठेवली आणि कशासाठी ठेवली, हेही पाहतो.

कोणी म्हणेल, हा नियम भिक्खूंसाठी आहे, आम्ही गृहस्थ आहोत. खरे आहे. गृहस्थाने सात दिवसांवर जगावे असे मी म्हणत नाही. महिनाभराची औषधे जवळ असणे यास मी दूरदृष्टी म्हणेन. आणखी कोणी म्हणेल, माझा जीव मी वाचवू नये काय? अवश्य वाचवावा. धम्म आत्मक्लेश शिकवत नाही. ज्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे त्याने उदारपणे आपली गोळी दुसऱ्यास देऊन स्वतः उपाशी राहणे, हे दान नव्हे, अविवेक आहे. परंतु गरजेपुरते घेणे वेगळे आणि भीतीपुरते घेणे वेगळे. गरजेला माप असते, भीतीला नसते.

शिवाय साठा करू कोण शकतो? पगारदार आणि पेन्शनदार. रोजंदारीवरचा मनुष्य दुकानदाराकडून पाकीट कापून पाच गोळ्या घेतो. रिकाम्या फळीचा पहिला फटका त्यालाच बसतो. महाडच्या चवदार तळ्यात पाणी नव्हते काय? भरपूर होते. आपल्या बापजाद्यांपर्यंत ते पोहोचू दिले जात नव्हते. १९२७ साली ज्यांच्या पूर्वजांनी त्या पाण्यासाठी मार खाल्ला, त्यांनी आपल्या कपाटात दुसऱ्याचे पाणी अडवून ठेवावे, हे शोभते काय? कायद्याच्या पुस्तकात ही चोरी ठरणार नाही. परंतु तुटवडा ठाऊक असून लोभाने किंवा भयाने केलेला साठा अदिन्नादानाच्या अगदी उंबरठ्यावर उभा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच्या उलट टोकही तितकेच वाईट. गोळी मिळत नाही तर ‘नशिबात असेल ते होईल’ म्हणून काही जण ती सोडूनच देतात. सर्व दुःख पूर्वकर्माचे फळ आहे हे मत भगवंतांनी सीवक परिव्राजकासमोर नाकारले. पित्त, कफ, वात, ऋतुपालट अशी कारणे त्यांनी दाखवून दिली. आजाऱ्याचे गुण सांगताना औषध घेणे हाही त्यांनी गुणच मानला. तेव्हा टंचाईत हातावर हात ठेवून बसणे धम्माला धरून नाही.

मग काय करावे? चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, म्हणजे जनऔषधी केंद्रात किंवा दुसऱ्या कंपनीचे तेच औषध मागता येते. अटॉरवास्टॅटिन नसेल तर त्याच वर्गातील रोसुवास्टॅटिन चालू शकते, परंतु ते अधिक तीव्र असल्याने मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट गोळ्या घेऊ नयेत. शेजाऱ्याची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये व देऊ नये. टंचाईत झटका येऊन गेलेल्यांचा हक्क पहिला, हे सर्वांनी मान्य करावे.

आणि हे एकट्याने करू नये. बाबासाहेबांनी आपणास संघटनेचा मार्ग दाखवला तो केवळ जयंतीच्या मिरवणुकीसाठी नव्हे. प्रत्येक विहाराने वस्तीतील अशा रुग्णांची यादी करावी. कोणाचे औषध किती दिवस पुरेल याची नोंद ठेवावी. ज्याला विकत घेणे परवडत नाही त्याच्यासाठी वर्गणीतून पैसा काढावा. आणि तीच यादी जोडून वैद्यकीय अधिकाऱ्यास लेखी अर्ज द्यावा. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात सांगितले आहे. कपाटे भरणारा कधी अर्ज करीत नाही, कारण त्याचे भागलेले असते. साठा करण्याने दुसऱ्याची गोळी जाते आणि आपला आवाजही जातो, तो असा.

अतिसाराने पीडित, आपल्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हाताने धुतले आणि रुग्णाची सेवा हीच माझी सेवा, असे सांगितले. तो भिक्खू त्यांना डोळ्यांनी दिसला होता. आपल्या वस्तीतील ज्याची गोळी संपली आहे तो आपणास दिसत नाही. त्याला शोधून काढणे हे आजचे आपले कर्तव्य आहे. येत्या पौर्णिमेला विहारात बसाल तेव्हा वहीचे पहिले पान त्या यादीसाठी उघडा.

जय भीम!