सहावी पाकळी

सुरतेच्या सदेली कामाची एक जुनी पेटी पाहिली आणि मला हा नाद लागला. लाकूड, हस्तिदंत, कथील यांच्या बारीक कांड्या जुळवून चिकटवायच्या, आडव्या चिरायच्या आणि निघालेल्या नक्षीदार चकत्या पेटीवर बसवायच्या, अशी ती कारागिरी. एकोणिसाव्या शतकात अशा पेट्या मुंबईहून विलायतेस जात. माझी मजल अर्थातच तिथवर नाही. मी आपला सागाचा आणि शिसवीचा पातळ पापुद्रा पात्याने कापतो आणि दिवाळीला दारावर लावण्यासाठी सहा पाकळ्यांची चांदणी करतो.

गणित सोपे. बिंदूभोवती 360 अंश. 60 अंशांच्या सहा पाकळ्या. गेल्या वर्षी पाच पाकळ्या एका नमुन्यावरून कापल्या. नमुना कुठेसा हरवला म्हणून सहावी गुण्या धरून कापली. ती काही केल्या बसेना! चिडून मी तिची कड तासली आणि तिला कोंबले. मागाहून कोनमापक लावला, तेव्हा पहिल्या पाचही पाकळ्या 61 अंशांच्या निघाल्या. सहावीला उरले होते 55. अचूक होती ती एकटीच, आणि तासली मी तिलाच.

मला एक विद्यार्थी आठवला. पहाटे वर्तमानपत्रे टाकून तो शाळेत येई. आम्ही पाच शिक्षक. प्रत्येकाचा गृहपाठ थोडासाच अधिक, प्रत्येकाचा शब्द किंचितच कडक. पोर मागे पडले. त्याच्या वडिलांना मीच सांगितले, "तुमचा मुलगा आमच्या शाळेत बसायचा नाही." पोराने शाळा सोडली.

वाक्य खोटे नव्हते. तो बसत नव्हताच. पण जागा कोणी अरुंद केली? आम्हा पाचांपैकी कोणालाही विचारा, "एका अंशाने काय होते?" असेच तो म्हणेल. दोष वाटून घेतला की ज्याच्या त्याच्या वाट्याला नगण्य येतो. बेरीज मात्र तसूभरही कमी होत नाही. ती सारी शेवटच्याला भरावी लागते.

आमच्या गल्लीतले सुतार म्हणाले, "मास्तर, तीन पाकळ्या जुळल्या की पट्टी लावून बघावं. कड सरळ नसली तर तिथंच कळतं." आम्ही मध्येच थांबून पट्टी लावली नाही, एवढेच.

ती चांदणी यंदाही दारावर आहे. पाहुणे कौतुक करतात. तो मुलगा आता गॅरेजात काम करतो. रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो. तेवढा नमस्कार घेताना माझा हात वर उचलत नाही.