मॅडमचं लक्ष

वर्ग कसा सांभाळावा हा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं लगेच शिक्षेवर जातं. छडी गेली, मुलांना धाक उरला नाही, म्हणून वर्ग हातात राहत नाही, ही तक्रार शिक्षकांच्या बैठकीत हमखास ऐकू येते. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली, ते योग्यच झालं. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि शिक्षेविना शाळा चालते हे कायद्याच्या कितीतरी आधी दाखवून दिलं. धाक गेला म्हणून वर्ग सुटतात, हे निदान मला मुळातच चुकीचं वाटतं.

जेकब कुनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने या प्रश्नाचा बराच पाठपुरावा केला. तो शिकवत असताना एक विद्यार्थी मागे वर्तमानपत्र वाचत बसला होता. कुनिनने त्याला टोकलं आणि बाकीचेही सावरून बसले. तेव्हा टोकण्याची कोणती रीत जास्त लागू पडते, हे शोधायला तो निघाला. पुढे त्याने प्राथमिक वर्गांचं चित्रीकरण करून ते बारकाईने तपासलं. १९७० साली त्याचं पुस्तक आलं. गडबड झाल्यावर शिक्षक कडक बोलतो की समजावतो, यावर वर्ग नीट चालणं फारसं अवलंबून नसतं, असं त्याला आढळलं होतं. खरा फरक त्याआधीच पडलेला असतो. वर्गात कुठे काय चाललंय याचं शिक्षकाला भान असतं आणि ते आहे हे मुलांनाही ठाऊक असतं. एकाचं वाचन ऐकताना दुसऱ्याची वही बघितली जाते. एका कामातून दुसऱ्या कामात जाताना वर्ग अडखळत नाही.

जिल्हा परिषदेच्या एखाद्या द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गात बसावं, म्हणजे हे भान डोळ्यांनी दिसतं. पहिलीची मुलं भिंतीकडेला काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधताहेत. दुसरीतली एक मुलगी धडा वाचतेय. मागे दोघांत खोडरबरावरून ओढाताण सुरू होते. आवाज चढायच्या आत मॅडम तिथे जाऊन उभ्या राहतात आणि एकाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारतात, ‘तुझे किती गठ्ठे झाले रे?’ मुलगी वाचतेच आहे. तिचा एक शब्द चुकतो, तो मॅडम तिथूनच दुरुस्त करतात.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजतो. ‘तातडीचे. सोबतच्या तक्त्यातील माहिती आज दुपारपर्यंत सादर करावी. निरंक असल्यासही कळवावे.’ मॅडम रजिस्टर काढतात. वाचणारी मुलगी परिच्छेद संपवून मान वर करते. पुढे वाचू का, हे विचारायचं कुणाला? एक पोरगं पाणी प्यायला उठतं, त्यामागे दुसरं. गठ्ठे सुटतात, काड्या एकमेकांवर उडायला लागतात आणि मॅडम ओरडतात. बाहेरून जाणाऱ्याला तेवढं ओरडणंच ऐकू येतं.

शिक्षकांचं स्वास्थ्य म्हटलं की ताणमुक्तीची शिबिरं आणि ध्यानाचे वर्ग सुचवले जातात. त्यांचा उपयोग होतही असेल. पण दिवसभर तुटलेलं लक्ष पुन्हा पुन्हा गोळा करत राहण्याचा थकवा शिबिराने जात नाही, आणि ‘आज शिकवायचं राहूनच गेलं’ ही खंत तर मुळीच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याला किमान ४५ तास धरले आहेत, त्यांत तयारीचे तासही येतात. ते तक्ते भरण्यात जातात. २७ वं कलम जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षक जुंपायला मनाई करतं. पण शाळेचीच माहिती शाळेने द्यायची, यात अशैक्षणिक काय, असं म्हटलं की बोलणं संपतं.

त्याच अनुसूचीनुसार प्राथमिक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळायचा तर पट दीडशेच्या वर लागतो. वाडीवस्तीवरचा मुख्याध्यापक म्हणजे तिसरी-चौथी शिकवता शिकवता शाळेचा कार्यभार सांभाळणारा शिक्षक. त्याच्याकडून नेतृत्वाच्या मोठमोठ्या अपेक्षा केल्या जातात. माझी अपेक्षा एकच आहे. परिपाठापासून मधल्या सुट्टीपर्यंतचा वेळ त्याने तुटू देऊ नये. दोन्ही शिक्षकांचे फोन कपाटात राहावेत आणि माहिती शाळा सुटल्यावर जावी. उशीर झाला म्हणून बोलणी बसतील, ती त्याने स्वतःवर घ्यावीत, शेजारच्या वर्गापर्यंत पोचू देऊ नयेत. याला धैर्य लागतं, आणि ज्याच्याकडे ते आहे त्याच्या शाळेत नवी मॅडमही टिकते.

पण एकट्या मुख्याध्यापकाने हे किती दिवस रेटावं? केंद्रप्रमुख पाठीशी हवेत. शिक्षण परिषदेतला निम्मा वेळ त्यांनी शिक्षकांना एकमेकांचे वर्ग बघायला द्यावा. आणि महिनाभरात शाळांकडून मागवलेल्या माहितीपैकी यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीत आधीच भरलेली किती होती, याचा शाळानिहाय तक्ता करून तो गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे ठेवावा. तो भरण्याचं काम मात्र शाळांकडे पाठवू नये.