हातचं न राखता

विद्या दिल्याने वाढते असं आपण मुलांना शिकवतो. पण लोणच्याची कृती कोणी विचारली, की एखादा जिन्नस हळूच गाळतो. हातचं राखून सांगणं गैर आहे का?

फ्रान्समधले चित्रकार दाविद रव्हुआ २०१४ पासून इंटरनेटवर ‘पेपर अँड कॅरट’ ही चित्रकथा काढतात. पेपर ही छोटी चेटकीण, कॅरट तिचं मांजर. चित्र दाखवून ते थांबत नाहीत. रंगांचे थर सुटे असलेल्या मूळ फायलीसुद्धा देऊन टाकतात. अट एकच, मूळ कर्त्यांची नावं सांगा. वाचकांनी कितीतरी भाषांत तिची भाषांतरं केली. २०१६ मध्ये ग्लेना या फ्रेंच प्रकाशनाने पुस्तक छापलं. परवान्याप्रमाणे ते एक पैसाही देणं लागत नव्हते, तरी आश्रयदाते झाले.

सगळेच असे वागतील? नाही. म्हणून देणं हे देणाऱ्याच्याच मर्जीचं हवं. कलावंताकडे फुकट मागायचं आणि वर औदार्याचे धडे द्यायचे, हा शहाजोगपणा झाला.

पण दिल्याने जातं काय? फाइल उघडून कोणी रेषा गिरवील. पेपरची पुढची खोडी त्याला थोडीच सुचणार? कृती देता येते, हात देता येत नाही. मला वाटतं, आपण राखून ठेवतो ते कसब नसतंच, दुसरा पुढे जाईल ही धास्ती असते.

रव्हुआंचं काम वाचकांनी स्वखुशीने दिलेल्या पैशांवर चालतं. तेव्हा घेणाऱ्यानेही एवढं विचारावं: देणाऱ्याची चूल पेटतेय ना?