बोली कोणाची?

मागच्या उन्हाळ्यात पुतण्याकडे इंग्लंडला गेलो होतो. एका शनिवारी तो म्हणाला, "काका, लिलावाला येताय का? जुनी एमजीबी आहे, १९७२ ची." बँकेत सोनेतारणाचे लिलाव मी पुष्कळ पाहिले होते, म्हटलं चला.

एमजी म्हणजे मूळचे मॉरिस गॅरेजेस. ही एमजीबी ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० पर्यंत तयार होत असे. बंद टपाच्या धरून पाच लाखांवर गाड्या निघाल्या. म्हणजे आज ही नाही तर उद्या दुसरी मिळणारच. पुतण्यालाही ते ठाऊक होतं. त्याने घरीच कागदावर लिहून ठेवलं होतं : ८,००० पौंड, पुढे नाही.

बोली सुरू झाली. सात हजारांनंतर दोघेच उरले, हा आणि एक वयस्कर गृहस्थ. आठ हजार झाले. कागद माझ्या खिशात होता. त्याचा हात वर गेला. समोरचा वर गेला. पुन्हा याचा. ९,४०० ला हातोडा पडला.

हिशेब माझ्या डोक्यात लगेच झाला. लिलाववाल्यांचं १२ टक्के कमिशन, त्यावर २० टक्के व्हॅट, एकूण १०,७५३ पौंड ६० पेन्स. आणि गाडी 'आहे तशी'. पुढे मेकॅनिकने सांगितलं, दाराखालचा पत्रा गंजलाय.

बाहेर ते गृहस्थ अभिनंदन करायला आले. हसत म्हणाले, "मीही आठ हजारच ठरवून आलो होतो."

हे ऐकून मी गप्प झालो. म्हणजे वरचे १,४०० पौंड गाडीचे नव्हतेच. ते याने त्यांच्यासाठी आणि त्यांनी याच्यासाठी वाढवले. सोन्याच्या लिलावात सराफ वजन आणि भाव पाहून थांबत. सोन्याला वजन असतं, ईर्षेला नसतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. कागद माझ्याजवळ असून मी त्याला थांबवलं का नाही? कारण त्या क्षणी आपला पोरगा जिंकावा असं मलाच वाटत होतं! आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे तपासले, आणि माझा स्वतःचा तोल आठ हजारांवरच सुटला.

गाडी सुंदर आहे. पुतण्या रविवारी फिरवतो, त्याला पश्चात्ताप नाही. हौस असावी, ती पाप नव्हे. पण हौस कुठे संपते आणि दुसऱ्यावर मात करण्याची इच्छा कुठे सुरू होते, हे हात वर असताना कळत नाही. लग्नाच्या खर्चात, घरावर मजले चढवताना आपणही अशाच बोली लावतो ना?

अवधूतांनी कुरर पक्ष्याला गुरू केलं. चोचीतल्या मांसासाठी दुसरे पक्षी तुटून पडले. ते सोडलं तेव्हाच तो सुखी झाला. त्या दिवशी मांस कोणी सोडलं? हसत घरी गेलेल्या त्या म्हाताऱ्याने.

तो कागद मी अजून पाकिटात ठेवला आहे. माझ्यासाठी.