दुसऱ्याचे पद, आपला गळा

स्वतःची गीते रचणाऱ्या शाहिराने एखादा ध्वनिसंग्रह सर्वस्वी दुसऱ्यांच्या रचनांना वाहिला, की त्याची प्रतिभा आटली काय, अशी शंका रसिकांत हटकून उठते. नवे रचणे म्हणजेच प्रतिभा आणि जुने पुन्हा गाणे म्हणजे उष्टे खाणे, हा समज छापखान्याने आणि बाजाराने आपल्या मनात इतका पक्का रुजविला आहे की, तो तपासून पाहण्याची गरजही कोणास भासत नाही. वस्तुतः दुसऱ्याचे पद गाणे हे लोकगायकाचे आद्य कर्तव्य असून, स्वतःचे पद रचण्याचा अधिकार त्याला त्या कर्तव्यातूनच प्राप्त होतो, असे माझे मत आहे. आणि ते पडताळून पाहण्यास वाशीम जिल्ह्याइतकी योग्य भूमी क्वचितच सापडेल.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांची वहिवाट वऱ्हाडातील इतर भागांप्रमाणे या जिल्ह्यातही खेडोपाडी चालत आली आहे. सोयाबीन घरात येऊन तुरी फुलोऱ्यावर असतात अशा दिवसांत, रात्रीची जेवणे आटोपली की भजनी मंडळ देवळाच्या ओट्यावर बसते. गारठ्याने सैल पडलेले खंजिरीचे कातडे शेकोटीच्या धगीवर धरून, मधून मधून टिचकी मारून, हवा तो टणत्कार निघेपर्यंत तापविले जाते. मुख्य गायकापुढे हाताने उतरून घेतलेली वही असते. तो ध्रुपद उचलतो, मागचे झेलतात, आणि मधल्या कडव्यांत तो आपली चाल, आपली बोली, प्रसंगी गावातला एखादा ताजा दाखलाही मोकळेपणी घालतो. परंतु शेवटच्या कडव्यात महाराजांची नाममुद्रा आली की ती जशीच्या तशी, खणखणीत उच्चारली जाते. त्याच वहीत गायकाची स्वतःची दोनचार पदे असली तरी मुद्रेच्या जागी आपले नाव घालण्याचा विचार त्याला शिवत नाही. चालीत स्वातंत्र्य आणि नावात निष्ठा, हा या परंपरेचा अलिखित कायदा आहे. संतांच्या अभंगांपासून वामनदादा कर्डकांच्या भीमगीतांपर्यंत तो अखंड चालत आला आहे.

या कायद्याचे मोल वाशीमच्या प्राचीन इतिहासात स्पष्ट दिसते. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. येथे १९३९ साली सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटामुळे या शाखेचा आणि तिचा संस्थापक सर्वसेन याचा वंशवृत्तान्त उजेडात आला. हा सर्वसेन कवी होता. त्याने ‘हरिविजय’ नावाचे प्राकृत काव्य रचले. विंध्यशक्तीने दिलेली जमिनीची सनद तांब्यावर कोरली होती म्हणून टिकली. सर्वसेनाचे काव्य मात्र लुप्त झाले. तरीही सर्वसेन कवी म्हणून आपल्याला ठाऊक आहे, कारण काश्मीरच्या आनंदवर्धनाने त्याचे नाव घेऊन त्या काव्याचा दाखला दिला, पुढे इतर साहित्यशास्त्रकारांनी त्यातली वचने उद्धृत केली, आणि ‘गाथासप्तशती’तील काही गाथाही त्याच्या नावावर नोंदल्या गेल्या. कवीच्या दप्तरातून जे नाहीसे झाले, ते परक्यांच्या मुखातून, आणि केवळ त्यांनी नाव सांभाळले म्हणूनच, कवीचे म्हणून उरले.

अलीकडच्या काळातही थोर शाहिरांनी हेच केले. अमर शेख हे स्वतः कवी. तरीही सहकारी अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी आपल्या बुलंद आवाजाने सभासभांतून गाजविली. त्यामुळे अमर शेखांचे कवित्व उणावले नाही आणि अण्णाभाऊंचे कर्तृत्वही झाकोळले नाही. दोघेही १९६९ सालीच गेले. मराठी माणसाच्या स्मरणात आजही ते एकमेकांना सोडून राहत नाहीत. सातासमुद्रापलीकडे अमेरिकी गीतकार-गायक बॉब डिलनच्या १९६२ सालच्या पहिल्या संग्रहातील तेरा गीतांपैकी त्याची स्वतःची अवघी दोन होती. तीस वर्षांनी, जगभर कीर्ती मिळविल्यावर, तो पुन्हा जुन्या लोकगीतांकडे वळला, आणि १९९३ सालच्या संग्रहाच्या टिपणात गीते आपण कोणाकडून उचलली याची त्याने स्वतः नोंद केली. शिकाऊपणी दुसऱ्याचे गाणे ही गरज असते. प्रौढपणी ती ऋणाची जाहीर कबुली होते.

ध्वनिमुद्रणाने मात्र या व्यवहारात नवी अडचण आणली आहे. ओट्यावर पद अखेरपर्यंत गायले जाते; ध्वनिमुद्रिकेला वेळेचे बंधन असते, आणि काटछाट करावयाची झाली तर पहिला बळी शेवटच्या कडव्याचा, म्हणजे नेमका कवीच्या नावाचा पडतो. २०१२ साली प्रतिमुद्राधिकाराच्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीने पहिल्या ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यावर पाच वर्षांनी पुनर्गायनाचा वैधानिक परवाना मिळण्याची तरतूद केली, पूर्वसूचना आणि मोबदला बंधनकारक केला, आणि दरसाल किमान पन्नास हजार प्रतींचे स्वामित्वधन ठरवून, विशिष्ट भाषा वा बोलीच्या बाबतीत ही मर्यादा खाली आणण्याची मुभाही ठेवली. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो; त्या हिशेबाने १९६८ साली निवर्तलेल्या तुकडोजी महाराजांच्या रचनांची मुदत २०२८ अखेर संपते, २००४ साली गेलेल्या वामनदादांच्या रचनांची २०६४ अखेर. ही व्यवस्था न्याय्य आहे. पण मुदत संपली म्हणून ऋण फिटत नाही, आणि केवळ मोबदला भरल्याने कवी श्रोत्यांपर्यंत पोहोचत नाही.

म्हणून वाशीमच्या मातीतला एखादा शाहीर उद्या असा संग्रह करावयास निघाला, तर त्याच्याकडून माझ्या अपेक्षा स्पष्ट आहेत. चाल त्याने खुशाल आपली करावी, कारण निव्वळ नक्कल ही मूळ गायकाची छायाच राहते; परंतु मुद्रेचे कडवे कोणत्याही सबबीवर गाळू नये. पोहरादेवीच्या परिसरातील बंजारा तांड्यांवर होळीला रंगणाऱ्या लेंगीला किंवा जात्यावरच्या ओवीला कर्त्याचे नावच नसते. तेथे ज्या तांड्यावर, ज्या वृद्धेच्या तोंडून ते गाणे मिळाले, तिच्या संमतीने तिचे नाव त्याने नोंदवावे आणि मोबदल्यात तिचा वाटा ठेवावा. आपली गीते उद्या कोणी गावीत आणि आपल्या नावाने गावीत, ही प्रत्येक रचनाकाराची आकांक्षा असते. ती बाळगण्याचा नैतिक अधिकार त्यालाच आहे, ज्याने आधी दुसऱ्यांची गीते त्यांच्या नावाने गायिली. असा संग्रह करणाऱ्या कवीची प्रतिभा आटलेली नसते; परंपरेत आपले स्थान कोठे आहे, हे तिला नेमके उमगलेले असते.