भरल्या नदीकाठची काटकसर

दुष्काळी मुलखात पाणी जपून वापरावे, हे कोणी कोणास शिकवावे लागत नाही. तेथे गरजच गुरू होते. नीतीचा प्रश्न उभा राहतो तो नदीकाठच्या गावात. कोगनोळीचेच उदाहरण घ्यावे. निपाणीहून कागलकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील हे सीमेवरचे गाव. जवळच दूधगंगेचा पूल, आणि पूल ओलांडला की महाराष्ट्र. वर राधानगरी तालुक्यात काळम्मावाडीचे धरण आहे; त्यातून पाणी सुटले की भर वैशाखातही नदी वाहती होते. अशा गावातील एखादा सरळमार्गी गृहस्थ विचारतो, "मी परसातल्या झाडांना दोन घागरी कमी घातल्या, म्हणून लातुरातल्या कोणाची घागर भरणार आहे?"

हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. २०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी न्यावे लागले. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी गेले. ते कोणा मिरजकराने स्नानाचा तांब्या आखडता घेतला म्हणून गेले नव्हते, तर सरकारने गाडी सोडली म्हणून गेले. एका घरची बचत दुसऱ्या गावी आपोआप पोहोचत नाही. तेव्हा थेंबाथेंबाने तळे साचते, एवढेच ऐकवून ह्या गृहस्थाची बोळवण करणे म्हणजे त्याच्या बुद्धीचा अपमान करणे होय.

शिवाय हिशेबही त्याच्याच बाजूचा आहे. खेड्यातील माणशी पंचावन्न लिटर हे सरकारी प्रमाण धरले, तर पाच माणसांच्या घरास वर्षाला सुमारे एक लाख लिटर पाणी लागते. उलट, पाटाने भिजवलेल्या एक एकर उसास लागणीपासून तोडणीपर्यंत ऐंशी लाख लिटरांच्या आसपास पाणी लागते. म्हणजे एक एकर ऊस हा ऐंशी घरांचे वर्षाचे पाणी पितो. घरातील गृहिणी भाज्या धुतलेले पाणी अळवाला घालते, मोरीचे पाणी केळीच्या आळ्यात सोडते, आणि त्याच घरचा कर्ता पुरुष रात्री वीज येते म्हणून मोटार चालू करून झोपी जातो. पहाटे उठून पाहतो तो सरी फुटून पाणी ओढ्याला मिळालेले असते. एकाच छपराखाली हे दोन धर्म सुखाने नांदतात. पाण्याच्या काटकसरीवरील आपली बहुतेक व्याख्याने मात्र त्या बिचाऱ्या गृहिणीलाच उद्देशून असतात.

तथापि बचत दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही, एवढ्यावरून उधळपट्टी निर्दोष ठरते काय? शिरोळ तालुक्यात जाऊन पाहावे. कृष्णा-पंचगंगेच्या काठची ती काळी कसदार जमीन. पाणी मुबलक, म्हणून वर्षानुवर्षे उसाला पाण्यात उभे केले गेले. आज तेथील हजारो एकर जमीन क्षारपड होऊन बसली आहे. जमिनीवर मिठासारखा पांढरा थर दिसतो आणि त्यात गवतसुद्धा धड उगवत नाही. तेथे कोणी परक्याचे पाणी चोरले नव्हते. अतिरेक झाला तो आपल्याच शेतात, आपल्याच पाण्याने.

पण 'आपले पाणी' हा शब्दच मुळात तपासून पाहण्यासारखा आहे. काळम्मावाडी हे धरणाचे नाव होण्यापूर्वी एका गावाचे नाव होते. धरणात गावे गेली, तुळशीवृंदावने गेली, पिढ्यान्‌पिढ्यांचे परडे गेले, आणि तेथील माणसे परक्या गावांच्या कडेला वसाहती करून राहिली. आज आपल्या परसातील जास्वंदीला जे पाणी मिळते, त्याची किंमत कोणीतरी आपले परस पाण्याखाली घालून मोजली आहे. आपल्या धर्मात देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी ऋणांची कल्पना आहे. ऋण मानणारा मनुष्य वस्तूचा उपभोग घेत नाही असे नाही. परंतु ज्याची फेड पुरी झालेली नाही ती वस्तू तो उधळीत नाही, मग त्याने राखलेली कवडी सावकाराच्या हाती पडो वा न पडो. त्या गृहस्थाच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडते. त्याचा हिशेब फळाचा होता. हा हिशेब नात्याचा आहे.

पूर्वीची माणसे पाणी जपत, असे आपण कौतुकाने म्हणतो. त्यात तथ्य आहे, पण त्या जपण्याचे कारण साधे होते: पाण्याला वजन होते. आडावरून पोहऱ्याने शेंदलेली घागर स्त्रियांच्या कमरेवरून घरात येत असे. त्या काटकसरीचे फार गोडवे गाऊ नयेत. ती बऱ्याच अंशी बायकांच्या कष्टांवर उभी होती. नळ आला हे चांगलेच झाले. परंतु नळाबरोबर पाण्याचे वजन गेले, आणि वजनाबरोबर भानही गेले. गोमंतकातील वाचकांना बांदोड्याच्या नागेशीची तळी ठाऊक असेल. पायऱ्या उतरून पाण्यापाशी गेलेला भाविक ओंजळीने पाणी घेतो, हातपाय धुतो आणि वर येतो. तोच घरी नळाखाली उभा राहिला की पाच मिनिटे धार सोडून ठेवतो. मनुष्य बदललेला नसतो. तेथे तो पाण्याकडे गेलेला असतो, येथे पाणी त्याच्याकडे आलेले असते.

देवळांनी ह्या बाबतीत एक फार जुना धडा आपल्यापुढे टांगून ठेवला आहे, आणि 'टांगून' हा शब्द मी अक्षरशः वापरतो. शिवाच्या पिंडीवर वैशाखात गळंती बांधतात. तांब्याच्या पात्राला तळाशी बारीक छिद्र, त्यातून थेंबामागून थेंब. भर उन्हाळ्यात देवास अखंड गारवा मिळावा, आणि तोही मोजक्या पाण्यात, ह्यासाठी ही योजना. आज शेतीखाते ठिबक म्हणून जे सांगते ते ह्याहून तत्त्वतः वेगळे नाही. पण अलीकडे काही ठिकाणी श्रावणी सोमवारी नळीच गाभाऱ्यात आणून पिंडीवर धार सोडतात. त्यात सोय असेल. भक्ती अधिक आहे असे मात्र मला वाटत नाही.

येथे कोणी नाथांची कथा पुढे करील. रामेश्वरासाठी कावडीतून आणलेले गंगेचे पाणी एकनाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. ह्या कथेतून आपण दयेचा बोध घेतो, आणि तो योग्यच आहे. परंतु तिच्यातील एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. त्या क्षणापर्यंत नाथांनी ते पाणी शेकडो कोस सांडू दिले नव्हते. कावड वाटेतच सांडून गेली असती, तर दयेला देण्यासारखे काही उरलेच नसते.

जपणे आणि अडवणे ह्यांत मात्र फरक केला पाहिजे, आणि आपल्या समाजाने तो नेहमी केला आहे असे म्हणवत नाही. पावित्र्य जपण्याच्या नावाखाली पाणी माणसांपासूनच अडवून ठेवले गेले. महाडच्या सार्वजनिक तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. ज्या तळ्यावर गुरांना मज्जाव नव्हता, तेथे माणसांना होता.

तोच प्रश्न निराळ्या वेषात आज दूधगंगेच्या काठी आला आहे. इचलकरंजीच्या शेजारून पंचगंगा वाहते, पण ती मैली झाली आहे. २०१२ साली त्या शहरात काविळीची मोठी साथ आली आणि माणसे दगावली. म्हणून सुळकूड येथून दूधगंगेचे पाणी शहरास नेण्याची योजना पुढे आली, आणि काठच्या गावांनी तिला निकराचा विरोध केला. त्यांची भीती निराधार नाही: उन्हाळ्यात पात्र कोरडे पडलेले त्यांनी पाहिले आहे, आणि शहराने आपली नदी नासवून दुसऱ्याच्या नदीवर हक्क सांगावा, हा न्याय कोणता, हा त्यांचा सवालही खरा आहे. इचलकरंजीकराने त्याचे उत्तर दिलेच पाहिजे. पण काठच्या शेतकऱ्यासही एक उत्तर देणे भाग आहे. पिण्याच्या पाण्याला 'नाही' म्हणताना आपल्या शिवारात रात्री फुटून वाहणाऱ्या सऱ्यांचा हिशेब त्याने मांडला आहे काय? तो मांडून, उसाखाली ठिबक घालून, आणि तरीही पाणी पुरत नाही असे दाखवून तो 'नाही' म्हणाला, तर त्या नकाराला वजन येईल. तूर्त दोन्ही काठांवर मोर्चे निघतात, आणि रात्री वीज आली की मोटारी सुरू होतात.