अंतिम निकाल आणि शाळेची नोंदवही

निकाल लागला म्हणजे वाद मिटला, अशी आपली समजूत असते. राज्यकारभाराला ती आवश्यकही असते. निकालाला अखेरच नसेल तर कोणाची मालमत्ता, अब्रू वा झोप सुरक्षित राहणार नाही. म्हणून शिक्षा कायम झालेला कैदी पुन्हा पुन्हा अर्ज करू लागला की आपण त्याला शिळ्या कढीला ऊत आणणे म्हणतो. पुण्याच्या एका खटल्यामुळे मात्र हा शब्दप्रयोग करताना आमची जीभ अडखळू लागली आहे.

२६ ऑगस्ट १९९४ रोजी पुण्यात एकाच घरातील पाच स्त्रिया व दोन मुले यांची हत्या झाली. त्या स्त्रियांपैकी एक गरोदर होती. १९९८ साली सत्र न्यायालयाने दोघांना फाशी सुनावली. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. २००० च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील आणि नोव्हेंबरमध्ये पुनर्विलोकनाचा अर्ज फेटाळला. रूढ अर्थाने येथे सारे संपले होते.

पुढे २०१८ साली त्यांपैकी एकाने, गुन्ह्याच्या वेळी आपण अल्पवयीन होतो, असा अर्ज केला. निकालानंतरही कोणत्याही टप्प्यावर असा दावा करण्याची मुभा बालन्याय कायद्याने दिलेली आहे. पुण्याच्या प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीशांकडे चौकशी सोपवण्यात आली. राजस्थानातील शाळेची नोंदवही निघाली. तीत नाव किंचित निराळे होते आणि जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२ अशी होती. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, घटनेच्या वेळी त्याचे वय १२ वर्षे ६ महिने होते. अशा मुलाला कायद्याने फार तर तीन वर्षे ठेवता आले असते. त्याने २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता.

शाळेच्या नोंदीवर इतका भार टाकावा काय, अशी शंका कोणी घेईल. आमच्या पिढीतील निम्म्या मंडळींचा जन्म हेडमास्तरांच्या कृपेने १ जूनला झालेला आहे! शंका रास्त आहे. पण ती नोंद प्रवेशाच्या वेळी, पुढे कोणी खून करील वा कोणाला फाशी होईल हे स्वप्नातही नसताना झालेली असते. हेतुशून्य कागदाचे मोल कचेरीत आयुष्य काढलेल्यांना सांगावे लागत नाही. आणि मूळ खटल्याच्या वेळीच शाळेत जाऊन ती वही पाहण्यास एक शिपाई व चार दिवस पुरले असते. उशिराचा दोष द्यायचा तर तो अर्जदाराच्या आधी यंत्रणेला द्यावा लागतो.

या साऱ्यात आम्हाला खरी बोच आहे ती मृतांच्या आप्तांची. निकाल लागला, या शब्दांवर त्यांनी कशीबशी आयुष्याची घडी पुन्हा बसवली असेल. तेवीस वर्षांनी तीच जखम वर्तमानपत्रातून समोर यावी, हे क्रूर आहे. त्यांच्या घरातील सात जिवांचा हिशेब वयाच्या दाखल्याने पुरा होत नाही. तरीही बारा वर्षांच्या मुलाला प्रौढ ठरवून चढवलेला फास त्यांच्या सांत्वनासाठी तसाच ठेवावा, असे आम्हाला म्हणवत नाही. त्यांना देणे होते ते १९९४ सालीच नीट केलेल्या तपासाचे. ते आता कोणत्याही अर्जाने वा निकालाने फेडता येणार नाही.